पाणी कमी पडलं, की पाणी जास्त झालं?

मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात कुणी डोकं धरून मटकन बसलं, की भोवतालचे सगळे एकच सांगतात: पाणी पाजा. बहुतेकदा ते बरोबरच असतं. कधीतरी मात्र तेच पाणी जिवावर बेततं.

हे मी पुण्यातच पाहिलंय. डिसेंबरची थंडी होती. आमच्या तळजाई टेकडीवर धावणाऱ्या ग्रुपमधल्या एक काकू पहिल्यांदाच 42 किलोमीटर धावत होत्या. ‘तहान लागायच्या आधीच प्यायचं’ असं कुणीतरी बजावल्यामुळे पाच तासांत त्यांनी पाण्याचा एकही स्टॉल सोडला नाही. शेवटी उलटी झाली, बोलणं असंबद्ध झालं. आम्ही ग्लास पुढे केला, तो तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाजूला सारला आणि काकूंचा हात आम्हाला दाखवला. बोटं सुजली होती, अंगठी रुतली होती.

काकूंना झालं होतं ते हायपोनेट्रेमिया, म्हणजे रक्तातलं सोडियम कमी होणं; आम्ही समजत होतो डिहायड्रेशन, म्हणजे शरीरातलं पाणी कमी होणं. डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं, चक्कर हे दोन्हींत असतं, म्हणून घोटाळा होतो. आत मात्र उलटं चाललेलं असतं. डिहायड्रेशनमध्ये घामावाटे गेलेलं पाणी भरून निघालेलं नसतं. हायपोनेट्रेमियात घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेलेलं असतं. त्यातच तासन्‌तास धावताना शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडत राहतं, त्यामुळे मूत्रपिंडं ते जादा पाणी बाहेर टाकत नाहीत. रक्त पातळ होतं. लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल असायला हवं ते सोडियम खाली येतं, पाणी पेशींत शिरतं आणि मेंदू सुजतो. कवटी काही ताणली जात नाही. झटके येतात, माणूस दगावूही शकतो.

हे क्वचितच होत असेल असं वाटत असेल, तर 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनचा अभ्यास पाहा. तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांचं सोडियम 135 किंवा त्याखाली होतं. धोका जास्त कुणाला? धावताना ज्यांचं वजन वाढलं त्यांना, आणि चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना. म्हणजे आपल्यासारख्या हौशी लोकांना, कारण प्यायला वेळ भरपूर मिळतो आणि घाम त्या मानाने कमी जातो. पुण्याच्या थंडीत तर आणखीनच कमी.

ओळखायचं कसं? तोंड कोरडं, तहान, वजन उतरलेलं असेल तर पाणी कमी पडलंय. बोटं फुगलेली, घड्याळाचा पट्टा घट्ट झालेला, वजन होतं तेवढंच किंवा वाढलेलं असेल तर उलटा प्रकार समजावा. लघवीवरून मात्र ठरवू नका, ती दोन्हींत कमी होऊ शकते.

‘मी तर स्पोर्ट्स ड्रिंक पितो’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. त्यात लिटरमागे साधारण 20 मिलिमोल सोडियम असतं, ओआरएसमध्ये 75, आणि रक्तात 140 च्या आसपास. म्हणजे दोन्ही रक्तापेक्षा पातळच. घामाने गेलेलं मीठ थोडं भरून काढायला ती चांगली आहेत, पण प्रमाणाबाहेर प्यायली तर वाचवत नाहीत. मिठाच्या गोळ्यांचंही तेच. धावताना आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेण्याची सवय तर कृपा करून सोडाच, त्याने मूत्रपिंडावर ताण येतो.

कात्रज ते सिंहगड हा डोंगरांवरचा ट्रेक मे महिन्यात केलात तर गणित उलटं होतं. तिथे सोबत आणलेलं पाणी संपतं, आणि गडावर पोचल्यावर ताकाचे दोन ग्लास खरंच औषध ठरतात. म्हणून लिटरचा ठरावीक आकडा कुणाला सांगू नये. तहान लागली की प्यावं. सरावाच्या लांब धावेआधी आणि नंतर वजन करून पाहावं. किलोभर उतरलं तर चालतं, वाढता कामा नये.

आणि कुणी असंबद्ध बोलत असेल, उलट्या थांबत नसतील, तर तोंडाने काहीही देऊ नका, साधं सलाईनही घाईने लावायला लावू नका. वैद्यकीय तंबूत न्या आणि डॉक्टरांना पहिलं हे सांगा: वाटेत किती प्यायलं. सोडियम तपासून ते गरज पडल्यास तीव्र मिठाचं, 3 टक्क्यांचं सलाईन देतात. काकूंना तेच दिलं. संध्याकाळी अंगठी बोटात सैल फिरायला लागली होती.