कंपनी सोडून जाण्याची सोय कशी आली

मोबाइलची कंपनी निवडताना माणसं साधारण तीन गोष्टी बघतात: घरात आणि कामाच्या जागी रेंज मिळते का, महिन्याचा खर्च किती, आणि इंटरनेट किती मिळतं. चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर आता गृहीतच धरलेलं असतं: नाही पटलं तर सोडता येईल ना? मोबाइलच्या पहिल्या दोन दशकांत बहुतेक ठिकाणी हे उत्तर ‘येईल, पण महागात पडेल’ असं होतं. नंबर जायचा, कित्येकदा फोन निरुपयोगी व्हायचा, करार मोडल्याचा दंड वेगळाच. कंपन्या दोन असोत की पाच, बाहेर पडायची वाट बंद असेल तर निवड पहिल्या दिवशीच संपते. ही वाट हळूहळू मोकळी झाली, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ती नियामकांनी, तांत्रिक मानकांनी किंवा ग्राहकांच्या रेट्याने मोकळी केली. कंपन्यांनी आपण होऊन फार क्वचित.

तारेच्या फोनच्या काळात तर निवड हा विषयच नव्हता. अनेक देशांत टेलिफोन हे सरकारी टपाल-तार खात्याचं काम होतं. अमेरिकेत ते एटी अँड टी या खासगी कंपनीकडे होतं, पण मक्तेदारी तशीच. घरातलं टेलिफोनचं यंत्रसुद्धा कंपनीचंच असे आणि तिच्या तारांना परक्या उपकरणाचा स्पर्श चालत नसे. टेक्सासमधल्या थॉमस कार्टर यांनी ‘कार्टरफोन’ नावाचं एक साधन बनवलं. तेलविहिरींसारख्या दूरच्या जागी काम करणाऱ्यांकडे वायरलेस संच असत. कचेरीतल्या टेलिफोनचा रिसीव्हर या साधनावरच्या खाचेत ठेवला की वायरलेसवरचा माणूस आणि फोनवरचा माणूस एकमेकांशी बोलू शकत. तारेला विजेची जोडणी नव्हतीच, रिसीव्हरमधून फक्त आवाज ये-जा करायचा. तरीही कंपनीने हरकत घेतली. १९६८ साली एफसीसी या अमेरिकी दूरसंचार नियामकाने कार्टर यांच्या बाजूने निकाल दिला: नेटवर्कला इजा होत नसेल तर ग्राहकाला स्वतःचं साधन वापरता येईल. फोन एकाचा आणि नेटवर्क दुसऱ्याचं असू शकतं, हे तत्त्व त्या निकालाने ठामपणे मांडलं. पुढे मोबाइलच्या बाबतीत त्यासाठी पुन्हा भांडावं लागलं.

मोबाइल आला तो बहुतेक ठिकाणी जुन्या मक्तेदारांच्याच हातून. जपानमध्ये १९७९ साली एनटीटीने टोकियोत सेवा सुरू केली, १९८१ पासून स्वीडन आणि नॉर्वेत तिथल्या सरकारी दूरसंचार संस्थांनी. अमेरिकेने थोडी वेगळी वाट धरली. प्रत्येक भागात दोन परवाने, त्यातला एक तिथल्या टेलिफोन कंपनीला आणि दुसरा बाहेरच्या कुणाला तरी. १३ ऑक्टोबर १९८३ रोजी शिकागोत पहिली व्यावसायिक सेवा सुरू झाली. ब्रिटननेही दोनच परवाने दिले, आणि जानेवारी १९८५ मध्ये व्होडाफोन आणि सेलनेट काही दिवसांच्या अंतराने उतरल्या. तिथे तिसरी कंपनी यायला १९९३ उजाडावं लागलं.

दोनच का? याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे आणि ते आजही लागू पडतं. किराणा दुकानं मागणी वाढेल तशी वाढतात, मोबाइल कंपन्या तशा वाढू शकत नाहीत. रेडिओ लहरींचा वापरण्याजोगा पट्टा मर्यादित असतो आणि तो वाटून द्यावा लागतो. जुन्या ॲनालॉग पद्धतीत एका टॉवरच्या टापूत चाललेलं प्रत्येक संभाषण आपली स्वतंत्र जागा अडवून बसायचं. तुकडे जास्त केले तर कुणालाच पुरेसा वाटा उरला नसता. म्हणून या बाजारात उतरणाऱ्यांची संख्या मुळातच सरकार ठरवतं. कंपनीने ग्राहकाला नीट वागवावं यासाठी केवळ ‘बाजार बघून घेईल’ असं म्हणून इथे भागत नाही, याचं मूळ कारण माझ्या मते हेच आहे.

पहिली मोठी मोकळीक तंत्रज्ञानातून आली. युरोपातल्या देशांनी १९८२ पासून एकाच सामाईक डिजिटल मानकावर काम सुरू केलं होतं, तेच पुढे जीएसएम. सप्टेंबर १९८७ मध्ये कोपनहेगनला तेरा देशांतल्या सेवादारांनी करारावर सह्या केल्या आणि १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये रेडिओलिंया कंपनीच्या नेटवर्कवरून पहिला जीएसएम कॉल झाला. या मानकाने आणलेली सर्वांत दूरगामी गोष्ट म्हणजे सिम कार्ड. त्याआधी ग्राहकाची ओळख फोनच्या आतच नोंदवलेली असायची. फोन बदलायचा तरी विक्रेत्याकडे जाऊन नवा संच प्रोग्राम करून घ्यावा लागे. सिमने ही ओळख फोनमधून बाहेर काढून एका चिपवर ठेवली. चिपवर दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात, ग्राहकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक आणि एक गुप्त किल्ली. हीच किल्ली कंपनीच्या यंत्रणेतही असते. फोन सुरू झाला की नेटवर्क एक यादृच्छिक संख्या पाठवतं, चिप किल्ली वापरून तिचं उत्तर काढते आणि उत्तर जुळलं की प्रवेश मिळतो. किल्ली स्वतः चिपच्या बाहेर कधीच पडत नाही. पहिली सिम कार्डं जर्मनीतल्या गीझेके अँड डेव्ह्रिएंट कंपनीने बनवली आणि ती एटीएम कार्डाएवढी होती. आता फोन तोच ठेवून फक्त चिप बदलली की कंपनी बदलणार, निदान तत्त्वतः तरी. अमेरिकेतल्या सीडीएमए या दुसऱ्या तंत्रावरच्या नेटवर्कवर मात्र अशी चिप नव्हती, तिथे फोनचाच अनुक्रमांक कंपनीच्या वहीत चढवलेला असे. म्हणून कंपनी बदलणं म्हणजे बहुधा फोनही बदलणं, हे तिथे बरीच वर्षं चाललं.

प्रीपेडचा वाटा यात कमी लेखला जातो. १९९५ साली पोर्तुगालच्या टीएमएनने ‘मिमो’ नावाने रिचार्जचं कार्ड आणलं आणि बघता बघता ही पद्धत जगभर पसरली. पैसे आधी भरायचे, त्यामुळे करार नाही, पत तपासणी नाही, दंडही नाही. ज्यांच्याकडे बँकेचं खातं नव्हतं त्यांनाही पहिल्यांदा कंपनी निवडता आली आणि सोडताही आली.

तरी माणसं जागची हलेनात, कारण नंबर. नातेवाईक, गिऱ्हाईक, बँक, दवाखाना, सगळ्यांकडे तोच दिलेला. ज्याचा धंदाच फोनवर चालतो त्याच्यासाठी नंबर सोडणं म्हणजे गिऱ्हाईक सोडणं. नंबर कंपनीला वाटून दिलेल्या मालिकेतला, म्हणून कंपनी सोडली की तोही गेला, हा युक्तिवाद वर्षानुवर्षं चालला. सिंगापूरने १९९७ साली मोबाइल नंबर सोबत नेण्याची सोय आणली. १९९९ मध्ये ब्रिटन, हाँगकाँग आणि नेदरलँड्स आले, २००१ मध्ये ऑस्ट्रेलिया. अमेरिकेत मूळ मुदत १९९९ ची होती, पण ती पुढे ढकलत ढकलत नोव्हेंबर २००३ वर आली. कंपन्यांचं म्हणणं असं की ग्राहक तसेही कंपन्या बदलत आहेत, मग हा खर्च कशाला? प्रकरण न्यायालयात गेलं, जून २००३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने कंपन्यांची याचिका फेटाळली आणि २४ नोव्हेंबर २००३ पासून सोय सुरू झाली. जपानमध्ये ती २००६ साली आली. भारतात २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ ला ती देशभर लागू झाली, पण फक्त त्याच सर्कलच्या, म्हणजे दूरसंचार विभागाच्या, आत. सर्कल ओलांडून नंबर नेण्याची परवानगी ३ जुलै २०१५ पासून मिळाली.

नंबर पोर्ट केल्यावर, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेल्यावर, आत नेमकं काय होतं, हे पाहण्यासारखं आहे. एरवी नंबरचे सुरुवातीचे आकडे पाहून तो कोणत्या नेटवर्कचा ते कळतं. पोर्ट केलेल्या नंबराबाबत ते आकडे दिशाभूल करतात. म्हणून बहुतेक देशांत एक मध्यवर्ती नोंदवही असते: कॉल लावणाऱ्याचं नेटवर्क आधी तिच्याकडून आलेली माहिती पाहतं, नंबर सध्या कुणाकडे आहे ते शोधतं आणि कॉल थेट तिकडे पाठवतं. ब्रिटनने दुसरी पद्धत घेतली. तिथे कॉल आधी नंबर मुळात ज्या कंपनीचा, तिच्याकडे जातो आणि ती तो पुढे सरकवते. म्हणजे ग्राहक कंपनी सोडून गेला तरी त्याचे कॉल जुन्या कंपनीच्या दारातूनच जायचे. ऑफकॉम या ब्रिटिश नियामकाने २००७ साली मध्यवर्ती नोंदवहीचा आदेश दिला होता, पण त्याविरुद्ध अपील झालं आणि २००८ मध्ये तो रद्द ठरला.

त्याहून जास्त फरक पडतो तो निरोप कुणाला द्यायचा यावरून. काही देशांत ग्राहक सरळ नव्या कंपनीकडे जातो आणि पुढचं ती बघते. काही ठिकाणी आधी जुन्या कंपनीकडून कोड मागावा लागतो. ब्रिटनमध्ये बरीच वर्षं त्यासाठी फोन करावा लागे, आणि पलीकडचा माणूस ग्राहकाला थांबवून धरण्यासाठीच नेमलेला असे. सवलत, विनवणी, पुन्हा सवलत. कित्येकजण तिथेच कंटाळून परत फिरायचे. १ जुलै २०१९ पासून तिथे एका मेसेजवर कोड मिळू लागला, आणि जुन्या सेवेच्या सूचना-कालावधीचे पैसे नवी सेवा सुरू झाल्यावरही आकारायला बंदी झाली. भारतात १९०० वर मेसेज पाठवून कोड मागवायची पद्धत आहे. युरोपीय संघाने २००९ च्या दुरुस्तीत एका कामकाजाच्या दिवसात नंबर चालू करण्याची अट घातली. त्याच दुरुस्तीने पहिल्या कराराची बांधिलकी २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायला मनाई केली आणि १२ महिन्यांचा पर्याय देणं बंधनकारक केलं. माझ्या दृष्टीने हे बारीक नियम दर कमी होण्याइतकेच महत्त्वाचे आहेत, कारण हक्क कागदावर असतो आणि माणूस अडतो तो प्रक्रियेत.

नंबर मोकळा झाला, तरी फोन बांधलेलाच राहिला. कंपन्या हप्त्यावर किंवा सवलतीत फोन देत आणि दुसरं सिम चालू नये म्हणून तो लॉक करत. अमेरिकेत २००७ साली आलेला आयफोन २०११ च्या सुरुवातीपर्यंत एटी अँड टीकडेच मिळत होता. जानेवारी २०१३ मध्ये तिथे स्वामित्वहक्क (कॉपीराइट) कायद्यातली अनलॉक करण्याची सूट संपल्यामुळे नव्याने घेतलेला फोन कंपनीच्या परवानगीविना अनलॉक करणं बेकायदा ठरलं. व्हाइट हाउसकडे केलेल्या अर्जावर एक लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि १ ऑगस्ट २०१४ ला अनलॉकिंगला परवानगी देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून फोन अनलॉक करूनच विकण्याची सक्ती केली, ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायला बंदी घातली.

ईसिम म्हणजे फोनमध्येच बसवलेलं सिम, त्यात तर चिप काढायचीही गरज उरत नाही. २०१७ च्या गूगलच्या पिक्सेल २ फोनमध्ये ते आलं, २०१८ मध्ये आयफोनमध्ये, आणि २०२२ च्या अमेरिकी आयफोनमधून सिमची खाच गेलीच. इथेही जुना संघर्ष होताच. ईसिमचे नियम जीएसएमए ही मोबाइल कंपन्यांची संघटना बनवत होती, आणि त्यात सेवाकंपन्यांच्या बाजूने झुकतं माप असल्याच्या शंकेवरून अमेरिकी न्याय खात्याने चौकशी केली. नियम ठरवण्याची पद्धत बदलायचं संघटनेने कबूल केलं, तेव्हा नोव्हेंबर २०१९ मध्ये खात्याने पुढे जायला हरकत नसल्याचं कळवलं.

या सगळ्यात मागे पडलं ते पहिल्याच प्रश्नाचं उत्तर, म्हणजे रेंज. दर छापलेले असतात, ते ताडून पाहता येतात. कव्हरेजचा नकाशा मात्र कंपनीच आखते, तोही बहुधा संगणकाच्या अंदाजावरून: टॉवर कुठे, किती उंच, मध्ये डोंगर की झाडी. एफसीसीच्या कर्मचाऱ्यांनी गाड्या फिरवून व्हेरायझन, टी-मोबाइल आणि यूएस सेल्युलर या कंपन्यांच्या ४जी नकाशांची पडताळणी केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिचा अहवाल आला. नकाशाप्रमाणे जिथे किमान वेग मिळायला हवा होता, तिथे तो फक्त ६२.३ टक्के चाचण्यांत मिळाला. पुढे २०२० साली कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये नवा राष्ट्रीय नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्यांदाच सामान्य ग्राहकाला आव्हान देण्याची सोय आहे. मोबाइलसाठी एफसीसीचं वेगमापन ॲप घ्यायचं, जिथे रेंज असल्याचं नकाशा सांगतो तिथे चाचणी करायची आणि आकडा पाठवायचा. एका भागातून अशा पुरेशा तक्रारी आल्या की पुरावा द्यायची जबाबदारी कंपनीवर येते.