द्विदली महारोहिणी झडप

डाव्या निलयातून (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातून) महारोहिणीत (शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य रोहिणीत) रक्त जाते त्या मुखावरील झडपेला तीनऐवजी दोनच दले (पाकळ्यांसारखे पडदे) असण्याची जन्मजात विकृती. हृदयाच्या जन्मजात विकृतींत ही सर्वाधिक आढळते. लोकसंख्येतील तिचे प्रमाण साधारणतः ०.५ ते २ टक्के धरतात. शवविच्छेदनातून आणि इको तपासणीतून (ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र घेण्यातून) मिळणारे आकडे जुळत नसल्याने ही मर्यादा सैलच ठेवणे बरे. पुरुषांत ती स्त्रियांच्या सुमारे तिप्पट दिसते. डावे अलिंद (वरचा कप्पा) व निलय यांमधील मिट्रल झडप मुळातच दोन दलांची असते. तिचा या नोंदीशी संबंध नाही.

लिओनार्दो दा विंची याच्या सुमारे १५१३ च्या रेखाटनांत दोन दलांची झडप दिसते. ती विच्छेदनात पाहिलेली होती की दलांच्या संख्येचा निव्वळ भूमितीय विचार होता, हे त्या चित्रावरून ठरवता येत नाही. वैद्यकीय वाङ्मयात जेम्स पॅजेट (१८४४) व टॉमस पीकॉक (१८५८) यांनी अशी झडप लवकर बिघडते हे नोंदवले. विल्यम ऑस्लर याने १८८६ मध्ये तिच्यावर जंतुसंसर्ग सहज बसतो हे दाखवले. महारोहिणीच्या आकुंचनाशी (तिचा एखादा भाग जन्मतः अरुंद असण्याशी) असलेले तिचे नाते मॉड अ‍ॅबट हिच्या १९२८ च्या अभ्यासापासून सर्वमान्य झाले. मात्र जुन्या शवविच्छेदनांतील सर्वच झडपा जन्मतः द्विदली होत्या असे मानता येत नाही. संधिवाती ज्वरानंतर दोन दले चिकटूनही तशीच रचना होते, आणि झडपेवर कॅल्शियम साचून ती दगडासारखी झाली की दोन्हींतील फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अवघड जाते. तेथे जोडलेल्या दलांमधील शिवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निर्णय करावा लागतो.

उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. दहांपैकी सात ते आठ झडपांत उजवे व डावे दल जोडलेले असते, उरलेल्यांपैकी बहुतेकांत उजवे दल आणि हृद्‌रोहिणी (हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी रोहिणी) न निघणाऱ्या कोटरापुढील (दलामागे महारोहिणीच्या भिंतीला असलेल्या फुगवट्यापुढील) दल. हे दोन्ही एकाच दोषाचे प्रकार समजले जात. स्पेनमधील संशोधकांनी सीरियन हॅम्स्टर व जनुकबदल केलेले उंदीर यांच्या भ्रूणांवर केलेल्या अभ्यासातून (२००९) वेगळे चित्र पुढे आले : पहिल्या प्रकारात हृदयाच्या बहिर्मार्गाचे (रक्त बाहेर नेणाऱ्या वाटेचे) विभाजन करणारा पडदा सदोष बनतो, तर दुसऱ्यात त्याआधीच बहिर्मार्गातील उशीसारख्या उंचवट्यांची घडण चुकते. हे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नसले, तरी ही एकच विकृती नसावी हे मत अधिक पटण्याजोगे आहे. २००५ मध्ये नॉच-१ जनुकातील उत्परिवर्तन काही कुटुंबांत कारणीभूत आढळले. बहुसंख्य रुग्णांत ते सापडत नाही. रुग्णाच्या आईवडील, भावंडे व मुलांपैकी सुमारे १० टक्क्यांत ही झडप आढळते, म्हणून त्यांचीही इको तपासणी सुचवतात.

हृद्‌रोहिण्यांमधील फरक हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. उजवे-डावे दल जोडलेले असल्यास दोन्ही हृद्‌रोहिण्या एकाच मोठ्या कोटरातून निघतात. हिगिन्स व वेक्सलर (१९७५) आणि त्यानंतर हचिन्स व सहकारी (१९७८) यांना द्विदली झडपेच्या रुग्णांत डाव्या हृद्‌रोहिणीचे प्राबल्य, म्हणजे हृदयाच्या मागील-खालील भागाला डावीकडून रक्त मिळणे, अपेक्षेपेक्षा बरेच जास्त दिसले. एरवी ते दहांपैकी एखाद्यात असते. डाव्या हृद्‌रोहिणीचे मुख्य खोडही आखूड असते. शस्त्रक्रियेत हृदय थांबवणारे द्रावण हृद्‌रोहिणीच्या मुखातून थेट सोडताना नळीचे टोक आखूड खोड ओलांडून एकाच शाखेत शिरते आणि दुसऱ्या शाखेवरील स्नायू असुरक्षित राहतो; म्हणून हा तपशील शल्यचिकित्सकाला आधी ठाऊक हवा. झडप बदलण्यास आलेल्या द्विदली रुग्णांत हृद्‌रोहिण्या मेदसंचयाने अरुंद झालेल्या कमी दिसतात, असेही अनेक अहवाल सांगतात. त्यांचे वय कमी असते हे लक्षात घेता यातून संरक्षणाचा अर्थ काढणे घाईचे ठरेल.

त्रिदली झडपेपेक्षा ही झडप एक-दोन दशके आधी कडक होऊन अरुंद होते. काहींत ती गळते. चढती महारोहिणी रुंदावते. याचे कारण तिरकस रक्तझोत की भिंतीचाच अंगभूत दोष, हा वाद सुटलेला नाही. दोन्ही घटक असावेत असा अलीकडचा कल आहे. महारोहिणीची भिंत चिरण्याचा धोका मात्र पूर्वी वाटे त्याहून कमी निघाला : अमेरिकेतील ओल्मस्टेड काउंटीच्या पाहणीत (२०११) तो दर १०,००० रुग्णवर्षांमागे (म्हणजे १०,००० रुग्णांत वर्षभरात) सुमारे ३ होता. सर्वसाधारणपणे महारोहिणीचा व्यास ५.५ सेंमी. झाल्यास शस्त्रक्रिया करतात, जोखीम अधिक असल्यास ५ सेंमी. झाल्यास.

छाती न उघडता रक्तवाहिनीतून सरकवलेल्या नळीद्वारे कृत्रिम झडप बसवण्याची पद्धत आलँ क्रिबिए याने २००२ मध्ये सुरू केली; पण तिच्या प्रमुख चाचण्यांतून द्विदली रुग्ण वगळले गेले, कारण लंबगोल मुखात कृत्रिम झडप नीट उघडत नाही. या पद्धतीची शस्त्रक्रियेशी तुलना करणाऱ्या नोशन-२ चाचणीत (२०२४) ७५ वर्षांपर्यंतचे कमी जोखमीचे ३७० रुग्ण होते, त्यांपैकी १०० द्विदली. या शंभरांत वर्षभरात मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा रुग्णालयात भरती यांपैकी काही घडण्याचे प्रमाण नळीद्वारे उपचारात १४.३ टक्के, तर शस्त्रक्रियेत ३.९ टक्के होते. संख्या लहान असल्याने हा फरक सांख्यिकीदृष्ट्या निर्णायक ठरत नाही. तरी तरुण द्विदली रुग्णाला अजून शस्त्रक्रियाच सुचवण्याकडे बहुतेकांचा कल आहे.