आशाताईंचा सर्वे आणि एनएफएचएसचा सर्वे, दोन्ही एकच नाहीत बरं का

पेपरात एनएफएचएसचा आकडा येतो, महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांना ॲनिमिया, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी. लगेच कोणीतरी म्हणतं, आमच्याकडे आशाताई आल्या होत्या पण त्यांनी रक्त कुठे घेतलं, मग हा आकडा काढला कुठून? प्रश्न रास्त आहे, फक्त त्यात दोन वेगळी कामं एकात एक मिसळलीत.

आशाताई आणि आरोग्यसेविका दारोदार फिरतात ते माणूस शोधायला. २०२० मधलं 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' आठवा, घरटी प्रत्येकाचं टेंपरेचर, ऑक्सिजन बघायचं, बीपी-शुगर आहे का ते विचारायचं आणि गडबड वाटली की पुढे पाठवायचं. टीबी-कुष्ठरोगाची शोधमोहीम तशीच. तिशीच्या पुढच्यांचा सीबॅक फॉर्मही तसाच, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात कोणाला डायबेटीस वगैरे विचारून मार्क देतात आणि मार्क चारच्या वर गेले की तपासणीला आधी बोलवतात. इथे एकही घर सुटून चालत नाही आणि नाव-पत्ता-मोबाईल लागतोच, नाहीतर परत जाणार कोणाकडे.

एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, याचा तुमच्या नावाशी काही संबंध नाही. १९९२-९३ ला पहिली फेरी झाली, पाचवी २०१९-२१ ची, आणि हे काम बघते आपल्या मुंबईतल्या देवनारची आयआयपीएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली घरं किती घेतली? ३१,६४३. एवढ्या मोठ्या राज्यात एवढीच, त्यामुळे तुमच्या दारात कोणी आलं नाही यात नवल काहीच नाही.

पण ती घरं निवडतात कशी यातच सगळी गंमत आहे. शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच, फक्त शीत नेहमी वरवरचंच उचललं तर खाली लागलेला भात कळणार नाही ना. म्हणून आधी जनगणनेच्या यादीतून गावं आणि शहरातले तुकडे निवडतात, मग तिथे जाऊन सगळ्या घरांची यादी करतात आणि त्या यादीतून ठराविक अंतराने २२ घरं घेतात. त्या घरांतल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांची मुलाखत होते, उंची-वजन-बीपी-शुगर होतं, हिमोग्लोबिनसाठी बोटाला टोचतात. घर बंद असलं तर परत जायचं, पण त्याऐवजी शेजारचं घर घ्यायचं नाही म्हणजे नाही. मला हा नियम फार आवडतो, कारण दिवसभर बंद असतात ती घरं कोणाची, तर दोघंही कामाला जाणाऱ्यांची, आणि त्यांच्या जागी कायम घरी सापडणारी माणसं भरली की सगळा आकडाच वाकडा होणार.

आता घोळ कुठे होतो ते बघा. एखाद्या जिल्ह्यात शोधमोहीम होते, टीबीचे पेशंट जास्त निघतात आणि हेडलाईन येते की टीबी वाढला. अहो, शोधलं म्हणून सापडले! जिथे आकडा शून्य आहे तिथे टीबी नाही असंही नाही, कदाचित आशाताईंवर आधीच दहा रजिस्टरं लादलेली असतील आणि ही मोहीम कागदावरच उरकली असेल. मोहिमेच्या आकड्यावरून रोग किती पसरलाय हे काढायला जाऊ नये, तिचं ते कामच नाही.

उलटा घोळ पण तितकाच चालतो. एनएफएचएसच्या चौथ्या फेरीतून पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या खुज्या (वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या) मुलांचं प्रमाण ३४.४ वरून ३५.२ टक्के झालं, त्यावर कुपोषण वाढलं म्हणून भांडायला लोक तयार, पण सॅम्पल म्हटलं की एवढा फरक इकडेतिकडे होऊच शकतो. ॲनिमिया मात्र ४८ वरून ५४.२ वर गेला, ते इतकं सहज झटकता येत नाही (बोटातल्या थेंबावरून मोजणं कितपत बरोबर हा वाद आहेच आणि पुढच्या फेरीतून ही टेस्ट काढून वेगळ्या सर्वेकडे दिली). आणि फेरीचं नाव २०१९-२१ आहे म्हणून काहीजण त्यात कोविडचा परिणाम शोधत बसतात, तर महाराष्ट्रातलं काम पहिल्याच टप्प्यात, कोविड यायच्या आधी झालं होतं.

पुरुषांचं तर विचारूच नका, राज्यभरात मिळून ५,४९७ पुरुष घेतले, जिल्ह्याचा आकडा त्यातून काढताच येत नाही. बायका-मुलांचे जिल्हावार आकडे चौथ्या फेरीपासून मिळतात, पण घरांची सरासरी काढली तर जिल्ह्यामागे पावणेनऊशेच्या आसपास. त्यात तालुका शोधायचा नाही. अमरावती जिल्ह्याचा आकडा बघून मेळघाटाबद्दल बोलणारे भेटले की माझं डोकंच फिरतं, मेळघाटातले धारणी-चिखलदरा तालुके आणि अमरावती शहर त्या एकाच टक्क्यात बसवलेत! मेळघाटातल्या कुठल्या गावातलं कुठलं पोर खंगतंय हे अंगणवाडीच्या वजनाच्या रजिस्टरातच बघावं लागेल, आणि जी पोरं वजनाला आणलीच नाहीत ती त्या रजिस्टरातही नसणार.