दोन व्होल: एक संसारी, एक सडाफटिंग

व्होलला मराठीत नाव नाही, कारण महाराष्ट्रात तो नसतोच. उंदराचाच भाऊबंद, फक्त तोंड बोथट, कान केसांत दडलेले आणि शेपूट तोकडी. अमेरिकेत इलिनॉयच्या गवताळ माळांवर त्याच्या दोन जाती शेजारी राहतात, प्रेरी व्होल आणि मेडो व्होल. सापळ्यातून काढून हातात घेतला की नवखा माणूस हमखास गोंधळतो.

उलटा करून पोट बघावं. प्रेरी व्होलचं पोट पिवळसर असतं. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘ऑक्रोगॅस्टर’चा अर्थच पिवळ्या पोटाचा. मेडो व्होलचं रुपेरी करडं. नुसत्या रंगावर भिस्त नको. मेडोची शेपूट जरा लांब असते. मादी असेल तर स्तन मोजावेत, प्रेरीला सहा, मेडोला आठ. शिवाय मेडोला दाट, ओलसर गवत आवडतं, प्रेरीला कोरडी जमीन चालते.

खरा फरक मात्र अंगावर दिसत नाही. प्राणिशास्त्रज्ञ लोवेल गेट्झ यांनी 1972 पासून 25 वर्षं अर्बाना गावाजवळ दर महिन्याला सापळे लावले. आमिष मक्याच्या भरड्याचं आणि सापळे लाकडी, एकाच वेळी अनेक जनावरं मावतील असे. हे महत्त्वाचं, कारण नेहमीच्या पत्र्याच्या सापळ्यात एक शिरला की दार बंद होतं. इथे प्रेरी व्होलचे तेच नर-मादी पुन्हा पुन्हा जोडीनं सापडू लागले. मेडो व्होलचं तसं होईना. प्रेरीचा नर जोडीदारीण धरून राहतो, पिल्लंही सांभाळतो. मेडोचा नर मादीशी भेट झाली की आपल्या वाटेनं जातो. या निरीक्षणातूनच जीवशास्त्रज्ञ सू कार्टर यांच्यासोबत जोडीबंधनातल्या ऑक्सिटोसिन या हार्मोनचा अभ्यास सुरू झाला. त्या हार्मोनला मिळालेली कीर्ती मला जरा जास्तच वाटते: 2023 मध्ये त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं तो हार्मोन पकडणारं प्रथिन, जनुकातूनच काढून टाकलेल्या प्रेरी व्होलनीही जोड्या जमवल्या.

ऋतूचं भान मात्र ठेवावं लागतं. विणीच्या दिवसांत मेडोच्या माद्या एकमेकींना हद्दीत फिरकू देत नाहीत. थंडीत त्याच माद्या एका घरट्यात अंगाला अंग लावून झोपतात. म्हणून जानेवारीत एका सापळ्यात दोन मेडो व्होल मिळाले, तर जोडपं अशी नोंद करण्याआधी दोघांनाही उलटं करून बघावं.