केसापुढे पोलाद का हरतं?

दाढीचं ब्लेड चार-सहा दाढ्यांनंतर ओढायला लागतं. आधी नुसती खरखर वाढते, मग हनुवटीखाली टोचतं, आणि एके सकाळी मानेवर रक्ताचे बारीक ठिपके उमटले की आपण ते फेकून देतो. पण या ब्लेडने तोपर्यंत कापलं तरी काय? केसच ना! पोलाद केसाच्या सुमारे ५० पट कठीण असतं. एवढ्या मऊ वस्तूने एवढ्या कठीण वस्तूची धार घालवावी, हे जरा विचित्रच आहे.

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविज्ञान विद्यापीठातल्या धातुशास्त्रज्ञांनी हे कोडं मनावर घेतलं. जेम तासान यांच्या प्रयोगशाळेतला जानलुका रॉशोली हा संशोधक साध्या, वापरून फेकायच्या रेझरने स्वतःची दाढी करायचा आणि दर वेळी ते ब्लेड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. धार घासून घासून गोलसर होत गेलेली दिसेल, अशी अपेक्षा होती. दिसलं भलतंच. धार बऱ्याच ठिकाणी जशीच्या तशी होती, पण मधूनमधून तिचे टवके उडाले होते. मग त्याने सूक्ष्मदर्शकाच्या आतच केस कापणारं एक छोटं यंत्र बसवलं आणि स्वतःचे नि सहकाऱ्यांचे केस वेगवेगळ्या कोनांतून कापून पाहिले. ब्लेड केसाला काटकोनात भिडलं तर टवके उडत नव्हते. कोन तिरका आणि केसाला वाकायला जागा असली की उडत होते. २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झालं.

शेतात गवत कापणारा माणूस डाव्या मुठीत गवत आवळून धरतो आणि मगच विळा ओढतो, कारण मोकळं गवत विळ्याखाली नुसतं वाकतं. चेहऱ्यावरच्या केसाला अशी मूठ नसते. तो एका टोकाला त्वचेत रोवलेला, दुसरं टोक मोकळं. ब्लेड टेकलं की आधी तो वाकतो आणि धारेला एका बाजूने तिरका रेटा देतो. त्यातून ब्लेडचं पोलाद सूक्ष्म पातळीवर एकजिनसी नसतं, कुठे जास्त कठीण, कुठे जरा नरम. नेमक्या अशा कमजोर जागी केसाची कड येऊन भिडली की सगळा ताण तिथे एकवटतो आणि टवका निघतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. पण एका दाढीत कापल्या जाणाऱ्या केसांची संख्या हजारोंत असते, तेव्हा त्या जुळतातच.

न्हावी गालाची कातडी दोन बोटांनी ताणून धरतो ते उगाच नाही. कातडी ताणली की केसाचं बूड डळमळत नाही आणि त्याला वाकायला कमी वाव मिळतो.

दाढीचं निम्मं काम मात्र ब्लेड हातात घेण्याआधीच होतं, आणि ते पाणी करतं. केस म्हणजे बाहेरून खवल्यांचं आवरण आणि आत केराटिन या प्रथिनाचे लांब धागे. या धाग्यांना एकमेकांशी बांधणारे बंध मुख्यतः दोन तऱ्हेचे. गंधकाचे बंध पक्के, ते पाण्याला दाद देत नाहीत. हायड्रोजन बंध एकेकटे कच्चे, पण संख्येने अफाट, आणि कोरड्या केसाचा ताठपणा बराचसा त्यांच्याच जोरावर असतो. पाणी आत शिरलं की पाण्याचे रेणू मध्ये घुसून हे बंध सोडवतात. केस आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकतो. गंमत म्हणजे तो जाडीला सुमारे १५ टक्के फुगतो, लांबीला जेमतेम एक-दोन टक्के. फुगून जाड झालेला केस कापायला खरं तर जड जायला हवा, पण त्याचा कणखरपणा इतका उतरतो की कापायला लागणारा जोर पुष्कळच कमी होतो.

याला वेळ लागतो, फार नाही, दोन-तीन मिनिटं. कोमट पाण्याने काम जरा लवकर होतं. दाढीच्या केसावर त्वचेच्या तेलाचा पातळ थर असतो, तो निघाल्याशिवाय पाणी नीट आत शिरत नाही. म्हणून आधी तोंड साबणाने धुवावं, किंवा सरळ आंघोळीनंतर दाढी करावी. धोकटीतून वाटी काढून त्यातल्या नुसत्या पाण्याने गाल चोळत बसणारे जुने न्हावी गिऱ्हाइकाचा वेळ खात नव्हते, ते केराटिन भिजवत होते. आज आपण डब्यातला तयार फेस फासतो आणि अर्ध्या मिनिटात रेझर फिरवायला लागतो. फेसात पाणी असतंच, पण त्याला मुरायला वेळ कोण देतो?

आता साबण. अंगाचा साबण हा मुख्यतः सोडियमचा असतो, कडक आणि सावकाश विरघळणारा. दाढीच्या साबणात पोटॅशियमचा साबण मिसळलेला असतो. तो मऊ असतो, ओल्या ब्रशला लगेच सुटतो. शिवाय त्यात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण मोठं. या आम्लाच्या रेणूत १८ कार्बनांची साखळी असते, आणि त्याच्या साबणाचे बुडबुडे बारीक, दाट नि टिकाऊ होतात. खोबरेल तेलाच्या साबणाला फेस भसाभस येतो, पण बुडबुडे मोठे, झटकन फुटणारे. अंगाच्या साबणाने दाढी करायला गेलं की एक गाल होईपर्यंत दुसरा सुकतो, तो यामुळे. दाढीच्या साबणात ग्लिसरीनही असतं. ते पाणी धरून ठेवतं आणि ब्लेड घसरतं ठेवतं.

फेसाचं काम हे एवढंच: पाणी केसापाशी टिकवणं आणि ब्लेड व त्वचेमध्ये निसरडा थर ठेवणं. ‘फेस केसांना उभं धरतो’ असं दाढीचे शौकीन सांगतात. मला ते पटत नाही. बुडबुड्यांच्या अंगात तेवढा ताठरपणा येणार कुठून? केस उठवतो तो ब्रश. तो गोल गोल फिरवला की चपटे पडलेले केस हलतात आणि त्यांच्या बुडाशी साबणाचं पाणी पोचतं. ब्रशच्या केसांमधल्या फटींत पाणी केशाकर्षणाने अडकून राहतं, तेच हळूहळू साबणात उतरून फेस घट्ट होतो. बॅजर, डुक्कर किंवा घोडा यांच्या केसांचा ब्रश स्वतःही पाणी पितो, कारण तोही केराटिनच. नायलॉनचा पीत नाही, पण फटींत धरतो आणि लवकर वाळतो.

पाणी दुष्फेन असेल तर हे सगळं फसतं. त्यातलं कॅल्शियम स्टिअरिक आम्लाला धरून न विरघळणारी पांढरी साय बनवतं, फेस बसतो आणि वाटीला चिकट थर राहतो. मुंबईच्या तलावांच्या पाण्यात जो साबण छान फुलतो, तोच बोअरच्या पाण्यात रुसतो. दोष साबणाला देतात. फेसापुरतं वाटीभर आरओचं पाणी घेऊन बघावं, फरक लगेच दिसतो.

ब्रशवरून एक जुनी, जरा भीषण हकीकत. पहिल्या महायुद्धात युरोपातला केसांचा व्यापार विस्कळीत झाला आणि नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश ब्रिटन-अमेरिकेच्या बाजारात आले. त्यांत अँथ्रॅक्स या घातक रोगाच्या जिवाणूंचे बीजाणू होते. दाढी करताना झालेल्या बारीक जखमांतून ते शिरले, आणि सैनिकांना नि साध्या नागरिकांनाही तोंडा-मानेवर अँथ्रॅक्सचे फोड आले. काही जण दगावले.

पोलादाकडे परत येऊ. वस्तऱ्याच्या पोलादाच्या इतिहासात मुंबईचं नाव अनपेक्षितपणे येतं. १७९०च्या दशकात मुंबईतल्या हेलेनस स्कॉट या डॉक्टरने ‘वूट्झ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भारतीय पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडले. जॉर्ज पिअर्सन या रसायनशास्त्रज्ञांनी १७९५ साली त्यावर निबंध वाचला आणि शीर्षकात हे पोलाद मुंबईत बनतं असं ठोकून दिलं. प्रत्यक्षात वूट्झच्या भट्ट्या दक्षिणेत होत्या. या पोलादावर लुब्ध झालेला एक माणूस म्हणजे लंडनमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारे जेम्स स्टोडार्ट. त्यांनी तरुण मायकेल फॅरडेंना सोबत घेऊन पोलादात चांदी, ऱ्होडियम असं काय काय मिसळून पाहिलं. विजेसाठी नाव कमावण्याआधी लोहाराचा हा मुलगा वस्तऱ्याच्या पोलादाचे प्रयोग करत होता आणि आपल्या मिश्रधातूंचे वस्तरे मित्रांना भेट देत होता. वूट्झचा गुण ॲल्युमिनियम नि सिलिकॉनमुळे येतो हे फॅरडेंचं निदान मात्र चुकलं. खरी करामत कार्बनच्या भरपूर प्रमाणाची होती.

जुना वस्तरा वर्षानुवर्षं चालायचा, कारण दर दाढीआधी तो चामड्याच्या पट्ट्यावर पाजळला जायचा. पट्ट्यावर पोलाद फारसं घासलं जात नाही. धारेची वाकलेली सूक्ष्म कड सरळ होते. टवका उडालेल्या धारेला पट्टा पुरत नाही, दगडच लागतो.

अमेरिकेतल्या किंग जिलेटने वापरून फेकायचं ब्लेड आणून हा सगळा खटाटोपच मोडीत काढला. पत्र्याइतकं पातळ पोलाद कडक करून त्याला धार लावता येणार नाही, असं जाणकारांचं मत होतं. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते जमवून दाखवलं. १९०३ साली ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. १९०४ साली पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी खप हजारोंवर गेला. त्या रेझरची खुबी डोक्याच्या बाकात आहे. ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड, सपाट असताना लवलवतं. दोन पत्र्यांमध्ये आवळून त्याला बाक दिला की ताठ होतं आणि धार केसाखाली थरथरत नाही. दांडा साधारण ३० अंशांच्या कोनात धरावा आणि जोर अजिबात लावू नये, रेझरचं वजन पुरतं. सुरुवात केसांच्या दिशेने करावी. उलटा हात मारायचाच असेल तर पुन्हा फेस लावून.

१९६०च्या दशकात स्टेनलेसचं ब्लेड आलं, सुमारे १३ टक्के क्रोमियमचं, म्हणून न गंजणारं. त्याच्या कडेवर टेफ्लॉनचा अतिपातळ लेप असतो. हे पोलाद किती ठिसूळ, ते सलूनमध्ये रोज दिसतं. न्हावी नवं ब्लेड कागदासकट मधोमध दुमडतो, टक् आवाज होतो, दोन तुकडे. लोखंडाचा साधा पत्रा वाकला असता. हे वाकतच नाही, सरळ तुटतं. त्यातला अर्धा तुकडा तो वस्तऱ्यासारख्या दांड्यात सरकवतो. एड्सची भीती पसरल्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत नवं ब्लेड घालण्याची रीत आपल्याकडे पक्की झाली.

आणि शेवटी तुरटी. पोटॅशियम नि ॲल्युमिनियमचं हे सल्फेट पाण्यात आम्लधर्मी होतं. साबण अल्कधर्मी, त्यामुळे त्वचेवर उरलेला त्याचा अंश तुरटीने कमी होतो. कापलेल्या जागी ॲल्युमिनियम प्रथिनांना साकळवतं आणि बारीकसा स्राव थांबतो. जिथे झोंबतं तिथे ब्लेड जास्त लागलं, हेही कळतं. फक्त सलूनमधला खडा सगळ्यांच्या गालांवरून फिरलेला असतो, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर तग धरतो. ब्लेड नवं मागून घेणारं गिऱ्हाईक खड्याबद्दल चकार शब्द काढत नाही. किराणा दुकानात तुरटी मिळते. आपला खडा खिशात घालून न्यावा.