वन नेशन वन सबस्क्रिप्शन : संस्थेबाहेरून शोधनियतकालिके वाचण्यासाठी इन्फेडची नोंदणी

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके देशभरातील ६,३०० हून अधिक शासकीय शिक्षण व संशोधन संस्थांना खुली झाली असून २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. संस्थेच्या आवारात ही नियतकालिके संस्थेच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे तिच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, आपोआप उघडतात. संशोधक घरी, वसतिगृहात किंवा क्षेत्रीय कामावर असतो तेव्हा मात्र तो अमुक संस्थेचा आहे हे प्रकाशकाला कोणीतरी सांगावे लागते. ते काम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट या ग्रंथालय व माहिती केंद्राची ‘इन्फेड’ ही व्यवस्था करते.

तिची रचना समजून घेतली की पुढची प्रक्रिया सोपी जाते. वापरकर्त्याची ओळख त्याची स्वतःची संस्था पटवते आणि प्रकाशक तिच्या शब्दावर विश्वास ठेवतो. ‘ही व्यक्ती आमची सदस्य आहे’ एवढा निरोप प्रकाशकाकडे जातो, पासवर्ड जात नाही. त्यामुळे एल्सव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली अशा प्रत्येक प्रकाशकासाठी निराळे लॉगिन सांभाळण्याची गरज उरत नाही.

पात्रतेच्या मुद्द्यावर महाराष्ट्रात बराच गोंधळ होतो. योजनेच्या पहिल्या टप्प्यात केंद्र किंवा राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र शासनाच्या संशोधन संस्था यांचाच समावेश आहे. शासनाचे अनुदान मिळणे आणि व्यवस्थापन शासनाचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; खासगी शिक्षणसंस्थेने चालवलेल्या महाविद्यालयाने केवळ अनुदानाच्या आधारे स्वतःला पात्र समजू नये. अशा महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटचीच एन-लिस्ट ही ई-नियतकालिके व ई-पुस्तके पुरवणारी सशुल्क योजना आहे. आपल्या राज्यातील असंख्य महाविद्यालये खासगी संस्थांची आहेत, म्हणून त्यांना सामावून घेणारा पुढचा टप्पा लवकर यावा, असे मनापासून वाटते.

वापरकर्त्यांची नोंदणी सुरू होण्याआधी संस्था इन्फेडची सदस्य असावी लागते. त्यासाठी संस्थाप्रमुखांनी एक नोडल अधिकारी, म्हणजे या कामाचा जबाबदार समन्वयक, नेमावा. बहुतेक ठिकाणी हे काम ग्रंथपालांकडे असते. संस्थाप्रमुखांचे पत्र, अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणातील (एआयएसएचई) संस्थेचा संकेतांक, स्थिर आयपी पत्त्यांची यादी आणि नोडल अधिकाऱ्याचा कार्यालयीन ईमेल व मोबाइल क्रमांक एवढी माहिती हाताशी ठेवावी. ओळख पडताळणारा सर्व्हर स्वतः चालवायचा की इन्फ्लिबनेटचा वापरायचा, हा निर्णयही याच वेळी घ्यावा लागतो. स्वतंत्र संगणक विभाग नसलेल्या संस्थेने दुसरा पर्याय घ्यावा, कारण सर्व्हर उभा करण्यापेक्षा तो वर्षानुवर्षे अद्ययावत ठेवणे अधिक अवघड असते.

संस्थेने इन्फ्लिबनेटचा सर्व्हर स्वीकारला असेल, तर प्राध्यापक, संशोधक किंवा विद्यार्थ्याने नोंदणीच्या अर्जात आपली संस्था निवडून नाव, विभाग, पद किंवा अभ्यासक्रम आणि ईमेल भरावा. शक्यतो संस्थेच्या डोमेनचाच ईमेल द्यावा आणि नाव ओळखपत्रावर आहे तसेच लिहावे, म्हणजे पडताळणी अडत नाही. नोडल अधिकाऱ्याने मान्यता दिल्याशिवाय खाते सुरू होत नाही.

पुढे प्रकाशकाच्या संकेतस्थळावर संस्थेमार्फत प्रवेश करण्याचा पर्याय निवडून यादीतून आपली संस्था शोधावी. ‘शासकीय महाविद्यालय’ अशा नावाच्या अनेक संस्था असल्याने पूर्ण अधिकृत नाव आणि गाव पाहूनच निवड करावी, लघुरूपाने शोधल्यास संस्था बहुधा सापडत नाही. यानंतर लॉगिनचे पान उघडते. पासवर्ड टाकण्यापूर्वी वरच्या पट्टीतील पत्ता आपल्या संस्थेचा किंवा इन्फ्लिबनेटचा आहे याची खात्री करावी, कारण पासवर्ड द्यायचा तो फक्त याच पानावर.

सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे खाती बंद करणे. पदवी पूर्ण झालेला विद्यार्थी, बदली झालेले किंवा निवृत्त प्राध्यापक यांचा प्रवेशाचा हक्क संस्थेशी असलेल्या नात्याबरोबरच संपतो. पण नोडल अधिकाऱ्याने यादी अद्ययावत केली नाही, तर खाते चालूच राहते आणि संस्था प्रकाशकाला चुकीची ग्वाही देत राहते. आस्थापना विभागाकडून सेवामुक्तीचे आदेश आणि परीक्षा विभागाकडून उत्तीर्णांची यादी दर सत्राअखेरीस ग्रंथालयाकडे येईल, अशी लेखी व्यवस्था संस्थाप्रमुखांनी करून द्यावी. पासवर्ड इतरांना देणे किंवा एकगठ्ठा लेख उतरवून घेणेही टाळावे. असा वापर आढळल्यास प्रकाशक संपूर्ण संस्थेचा प्रवेश थांबवू शकतो.

लॉगिन झाले पण लेख उघडला नाही, तर ते नियतकालिक योजनेच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे. यादीत असूनही ते उघडत नसेल, तर प्रकाशकाचे नाव, लेखाचा दुवा आणि पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र जोडून नोडल अधिकाऱ्यांना कळवावे.