कोकणातल्या गॅरेजात ‘घट्ट ऑइल’ कुठून आलं

महाडपासून सावंतवाडीपर्यंत महामार्गाकडेच्या कुठल्याही जुन्या गॅरेजात विचारा. मिस्त्री बहुधा हेच सांगतील, “आपल्याकडे उकाडा, त्यात घाट. घट्ट ऑइल घाला, २०डब्ल्यू-४०.” गाडी नवी असेल तर तिच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ छापलेलं असतं आणि मालक बुचकळ्यात पडतो. मिस्त्रींचा सल्ला अडाणीपणाचा नाही. ज्या इंजिनांवर त्यांचा हात बसला, त्या इंजिनांसाठी तो बरोबरच होता.

डब्यावरचे हे आकडे एसएई या अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संस्थेचे. ऑइलच्या दाटपणाची पहिली वर्गवारी तिने १९११ साली केली. तेव्हा आकडा एकच असे, ३० किंवा ४०. कडाक्याच्या थंडीत असं ऑइल इतकं घट्ट होई की इंजिन फिरेना, म्हणून पुढे हिवाळ्याचा ‘डब्ल्यू’ आला आणि १९५० च्या दशकात दोन आकड्यांची मल्टिग्रेड ऑइलं रुळली. २०डब्ल्यू ऑइल घालून इंजिन फिरतं का, हे पाहतात उणे १५ अंशांत. ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंशांत. आपल्याकडे दापोलीसारखं पठार सोडलं तर पारा अधिक पंधराच्या खाली उतरायलाही मारामार! त्यामुळे पहिल्या आकड्याचं महत्त्व किनारपट्टीला कधी जाणवलंच नाही.

जाणवला तो दुसरा, म्हणजे तापलेल्या ऑइलच्या दाटपणाचा आकडा. जीप, ॲम्बॅसिडर, फियाट ही तेव्हाची इंजिनं. भाग सैल बसवलेले, त्यात बोअर आणि पिस्टन रिंगा झिजल्या की गाडी ऑइल खायला लागे आणि मागून निळा धूर. कशेडी घाट चढून वर आल्यावर रेडिएटरमध्ये पाणी ओतत थांबलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा इंजिनात दाट ऑइल घातलं की टॅपिटचा आवाज दबे, धूर कमी होई आणि घाट चढून गाडी न्यूट्रलला आणली तरी ऑइलचा दाब घटल्याचा लाल दिवा लागत नसे. डिझेल इंजिनांचंही तेच. ट्रक आणि मच्छीमारांच्या बोटी ज्या हातांनी दुरुस्त केल्या, त्याच हातांकडे पुढे छोट्या गाड्या आल्या.

फिल्टरची गोष्ट याला समांतर चालते. मोटारीचा ऑइल फिल्टर अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्श यांनी १९२३ साली आणला. पण विलीज जीपच्या इंजिनातही फिल्टर ‘बायपास’ पद्धतीचा होता, म्हणजे ऑइलचा थोडाच हिस्सा त्यातून गाळला जाई आणि बाकीचं न गाळताच बेअरिंगांकडे जाई. अशा फिल्टरची फार पत्रास कोण ठेवणार? ‘दोन ऑइलला एक फिल्टर’, म्हणजे दोनदा ऑइल बदललं की एकदा फिल्टर, हा हिशेब त्याच काळातला. पुढे सगळं ऑइल गाळणारे फुल-फ्लो फिल्टर आले. ॲम्बॅसिडरच्या फिल्टरमध्ये वाटी उघडून आतला एलिमेंट बदलावा लागे. हाताने फिरवून बसवायचा डबाबंद फिल्टर अमेरिकेत १९५४ साली निघाला होता. आपल्याकडे तो घरोघरी पोचला तो १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मुळे.

या डब्यात नुसता कागद नसतो. गाडी बंद झाल्यावर ऑइल परत चेंबरमध्ये उतरू नये म्हणून रबराचा पडदा असतो आणि कागद चोंदला तर ऑइल अडू नये म्हणून झडप. ती झडप उघडली की न गाळलेलं ऑइल इंजिनात जातं, आणि गाडी मात्र छान चालत राहते. स्वस्तातल्या नकली फिल्टरमध्ये नेमके हे दोन भाग तकलादू असतात. माझ्या मते फिल्टरवर वाचवलेला पैसा सगळ्यात महागात पडतो. (जांभ्याच्या लाल धुळीचा मुख्य पहारेकरी मात्र एअर फिल्टर. त्याचा दोष ऑइलच्या माथी मारू नये.)

मग आज उकाड्याचं काय? ऑइलचा दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसच्या दाटपणावरून ठरतो. थर्मोस्टॅट आणि पंखा इंजिनाचं पाणी ९० अंशांच्या आसपास राखतात, मग बाहेर राजापूरचा मे असो की जानेवारी. घाटात ऑइल थोडं जास्त तापतं, पण त्याची तजवीज गाडी बनवणाऱ्याने केलेली असते. बदललं ते इंजिन. बेअरिंगांतली फट बारीक झाली, व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ ऑइलच्या दाबावर बदलू लागली. १६ हा आकडा तर एसएईने २०१३ मध्ये नव्याने जोडला, मुख्यतः इंधन वाचवण्यासाठी. अशा इंजिनात २०डब्ल्यू-४० घातलं म्हणून इंजिन लगेच जाम होत नाही, पण सकाळी स्टार्ट केल्यावर ऑइल वरपर्यंत पोचायला उशीर होतो आणि ॲव्हरेज घटतं. उलट जुन्या बोलेरोत ०डब्ल्यू-२० घालणं हाही तितकाच वेडेपणा.

डिझेलवाल्यांसाठी आणखी एक वळण आलं. पूर्वी डिझेलमध्ये गंधक भरपूर असे. त्यातून होणारं आम्ल मारायला ऑइलमध्ये क्षारयुक्त रसायनं लागत आणि त्यांची राख धुराड्यातून निघून जाई. १ एप्रिल २०२० पासून देशभर गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आले, गंधक दहा लाखांत १० भागांवर उतरलं आणि बहुतेक डिझेल गाड्यांना धुराड्याच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर बसला. काजळी त्यात जळून जाते, राख जळत नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं, एसीईए या युरोपातल्या मोटार उत्पादकांच्या संघटनेच्या सी२ किंवा सी३ दर्जाचं ऑइल लागतं. फक्त ‘५डब्ल्यू-३०’ बघून डबा उचलला तर चुकतं, कारण त्याच आकड्याचं जास्त राखेचं ऑइलही शेजारीच ठेवलेलं असतं.

वाडीतून बाजारात आणि परत, एवढंच रोज चालणाऱ्या डीपीएफच्या गाडीत काजळी जाळण्याचं काम अर्ध्यावर तुटतं आणि त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. गेजवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं, तर “बरं झालं, गाडी ऑइल खात नाही” असं समजू नये. ते ऑइल पातळ झालेलं असतं. किलोमीटर भरले नसले तरी फिल्टरसकट बदलावं.